चार सयाम, एक रेल्वे

१८७२ च्या सुरुवातीला सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजा चुलालाँगकॉर्न हिंदुस्थान पाहायला आला. वय अठरा. कलकत्त्याला जहाजातून उतरल्यावर दिल्ली, आग्रा, लखनौ, कानपूर करत तो मुंबईपर्यंत पोचला, आणि इतका पल्ला त्याला गाठता आला तो रेल्वेमुळे. त्याच्या स्वतःच्या मुलखात तेव्हा रुळांचा एक तुकडाही नव्हता. बँकॉकहून उत्तरेच्या चियांग माईला जायचे तर नदीच्या उलट्या प्रवाहातून नाव रेटायची, पुढे हत्तीवर बसायचे; कित्येक आठवडे त्यात जात. या राजाला लहानपणी इंग्रजी शिकवायला ठेवलेली बाई म्हणजे ॲना लिओनोवेन्स. 'द किंग अँड आय' या चित्रपटामुळे तिचे नाव जगभर झाले, पण थायलंडमध्ये मात्र त्या चित्रपटावर बंदी आहे. आपला जन्म वेल्सचा, असे ती आयुष्यभर सांगत राहिली. अभ्यासकांनी जुनी कागदपत्रे धुंडाळली तेव्हा ती १८३१ मध्ये अहमदनगरला जन्मल्याचे आणि तिचे लग्न पुण्यात लागल्याचे निघाले.

चुलालाँगकॉर्नने पुढे १८९६ मध्ये बँकॉक ते अयुथ्या हा पहिला सरकारी लोहमार्ग सुरू केला. आज पाठीवर सॅक टाकून थायलंड हिंडायचे असेल, तर मी म्हणेन की हॉटेलांच्या आणि किनाऱ्यांच्या याद्या नंतर पाहा, आधी या रेल्वेचा नकाशा समोर घ्या. आपल्याकडून जाणारी बहुतेक मंडळी चार रात्री-पाच दिवसांत बँकॉक आणि पट्टाया उरकून परततात. त्यांना एक शहर आणि एक किनारा दिसतो. बँकॉकहून निघणारे रूळ मात्र मध्यभागाचे सपाट भातखाचर सोडून आणखी तीन मुलखांत जातात: उत्तरेचा लान्ना, ईशान्येचा इसान आणि मलय द्वीपकल्पातला दक्षिण. या प्रत्येकाची बोली, भात, देवळे आणि इतिहास निराळा आहे. ते एका देशात बांधले गेले त्याला फार तर सव्वाशे वर्षे झाली, आणि ती बांधणी रुळांनीच केली.

कारण राजकीय होते. १८९३ मध्ये फ्रेंच गनबोटी चाओ फ्राया नदीतून थेट बँकॉकपर्यंत घुसल्या आणि मेकाँगच्या डाव्या तीरावरचा मुलूख सयामला सोडावा लागला. पश्चिमेला ब्रह्मदेश इंग्रजांनी आधीच गिळला होता. आपली सत्ता दूरच्या सुभ्यांपर्यंत खरोखर पोचते हे जगाला दाखवायचे, तर तिथे सैन्य आणि अंमलदार झटपट पोचले पाहिजेत. म्हणून पहिला लांब मार्ग फ्रेंचांच्या दिशेने, ईशान्येच्या कोरातकडे निघाला. वाटेत हिवतापाचे घनदाट जंगल होते. कित्येक मजूर आणि अभियंते तिथे मेले. १९०० मध्ये गाडी कोरातला पोचली. कामावर देखरेख जर्मन अभियंत्यांची होती, कारण इंग्रज आणि फ्रेंच या दोघांवरही भरवसा ठेवण्याची सोय नव्हती. दक्षिणेकडे मात्र इंग्रजांना चुकवता आले नाही. १९०९ च्या तहात सयामने केदा, केलांतान, तेरेंगानू आणि पेर्लिस ही मलय संस्थाने इंग्रजांना दिली आणि बदल्यात दक्षिण रेल्वेसाठी ४० लाख पौंडांचे कर्ज मिळवले. परिणाम असा झाला, की उत्तरेचे रूळ रुंद आणि दक्षिणेचे मीटर गेजचे. दोन्हींची स्थानके नदीच्या दोन काठांवर. पुढे सगळे मार्ग मीटर गेजवर आणले गेले आणि १९२७ मध्ये सहावा राम या राजाच्या नावाच्या पुलाने ते जोडले. देश एक झाला म्हणतात तो असा, हप्त्याहप्त्याने.

उत्तरेची गाडी ७५१ किलोमीटर जाते. बहुतेक प्रवासी रात्रीची गाडी घेतात. झोपून जाता येते आणि लॉजचा एका रात्रीचा खर्च वाचतो. पण जमल्यास एक फेरी दिवसाउजेडी करावी, कारण डोंगर सुरू होतात ते शेवटच्या टप्प्यात. लांपांग आणि लाम्फूनच्या मधे खुन तान नावाचे छोटे स्थानक आहे. फलाट फुलझाडांनी भरलेला असतो आणि फलाट संपतो तिथे बोगद्याचे तोंड. हा बोगदा सुमारे १,३५० मीटर लांबीचा; १९०७ मध्ये खोदायला घेतला, १९१८ मध्ये पुरा झाला. त्याचा अभियंता एमिल आयझेनहोफर. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, सयामने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि जर्मन अभियंत्यांची धरपकड झाली. काम थाई लोकांनी पुरे केले. तरीही आयझेनहोफरचे स्मारक आज त्याच बोगद्याच्या तोंडाशी उभे आहे आणि लोक तिथे फुले ठेवतात. हे स्थानक एका राष्ट्रीय उद्यानाचे दार आहे. उतरावे, थोडा डोंगर चढावा आणि पुढची गाडी पकडावी.

चियांग माई १२९६ मध्ये मंगराय राजाने वसवले. लान्ना हे स्वतंत्र राज्य होते, पुढे दोनशेहून अधिक वर्षे ते ब्रह्मी अमलाखाली राहिले. तिथला खाओ सोई हा नारळाच्या दुधातल्या शेवयांचा रस्सा, लाकडी देवळांची ठेंगणी, एकावर एक उतरती छपरे, पिंग नदीकाठची जुनी घरे यांत बँकॉकपेक्षा ब्रह्मदेशाची आणि युनानची छाप अधिक दिसते. या घरांमागे साग आहे, आणि सागामागे मुंबई. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर सयामच्या जंगलात उतरली. ओंडके हत्तींनी ओढ्यापर्यंत आणायचे, पावसाळ्याच्या पुरात सोडायचे आणि नदीमार्गे बँकॉकपर्यंत तरंगत न्यायचे, असा तो धंदा. एकेक ओंडका पोचायला वर्षे लागत. ॲनाचा मुलगा लुई हाही याच सागाच्या व्यापारात उतरला.

उत्तरेत जाणारा प्रत्येक प्रवासी हत्ती पाहायला जातो, म्हणून पुढची गोष्ट त्याला ठाऊक असली पाहिजे. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिणेत मोठे पूर आले. तोडलेल्या डोंगरांवरून चिखल आणि ओंडके गावांवर कोसळले आणि शेकडो माणसे मेली. लोकक्षोभापुढे सरकारने जानेवारी १९८९ मध्ये जंगलतोडीवर देशभर बंदी घातली. निर्णय योग्यच होता, पण जंगलात राबणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एका दिवसात बेकार झाले. काही हत्ती बँकॉकच्या रस्त्यांवर भीक मागत फिरू लागले, उरलेले पर्यटनात शिरले: पाठीवर हौदा, सोंडेत कुंचला. आज 'अभयारण्य' अशी पाटी लावलेली ठिकाणे पुष्कळ आहेत आणि सगळी सारखी नाहीत. जिथे स्वारी नाही, खेळ नाहीत, आणि माणसाने हत्तीला अंघोळ घालण्याचा कार्यक्रमही नाही, तिथेच पैसे द्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

चियांग माईहून मे होंग सोनला जाणारा रस्ता त्याच्या १,८६४ वळणांसाठी प्रसिद्ध आहे. भाड्याची स्कूटर घेऊन तो करायची टूम आहे. घाटात गाडी चालवायची सवय नसेल तर मिनीव्हॅनने जा. आंतरराष्ट्रीय परवाना नसताना अपघात झाला तर विमाही हात वर करतो. आणि फेब्रुवारीअखेर ते एप्रिल उत्तरेला जाऊच नका. त्या दिवसांत शेते आणि रान पेटवतात, हवा इतकी धुरकट होते की समोरचा दोई सुथेप डोंगर दिसत नाही.

आता इसान. देशाची जवळजवळ एक तृतीयांश वस्ती या वीस प्रांतांत आहे, आणि परदेशी पाहुणा इथे सर्वात कमी येतो. जमीन रेताड, कुठे खारट. शेती पावसाच्या भरवशावर. बोली लाओ. बँकॉकमध्ये टॅक्सी चालवणारा, बांधकामावर घमेली उचलणारा, गाडीवर कोंबडी भाजणारा माणूस बहुधा इथलाच असतो. मराठवाड्यातून पुण्या-मुंबईला येणारी माणसे आपण रोज पाहतो, तेव्हा हे चित्र समजायला आपल्याला वेळ लागत नाही. उबोनकडे जाणाऱ्या साध्या गाडीच्या तिसऱ्या वर्गात बसा. पंखा, उघडी खिडकी, कडक बाक. पिशवीत चिकट भात आणि काडीला टोचलेली कोंबडी विकणाऱ्या बाया स्थानकागणिक चढतात. चिकट भाताचा गोळा बोटांनी वळून सोम तामसोबत खातात. हे सोम ताम करताना पाहण्यासारखे आहे. मातीच्या खोल उखळात लसूण आणि मिरच्या लाकडी मुसळीने ठेचायच्या, वर ताडगूळ, लिंबू, टोमॅटो, चवळीच्या शेंगा, मग कच्च्या पपईचा कीस. एका हाताने मुसळ, दुसऱ्या हातातल्या चमच्याने खालचे वर. किती मिरच्या घालू, हे बाई आधी विचारते. इसानचा माणूस त्यात आंबवलेल्या माशाचे पाणी घालतो आणि तोच त्याचा खरा स्वाद.

शाकाहारी मंडळींनी यामुळे बिचकू नये. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेले दुकान शोधावे. तिथे मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यालाही चालेल. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातल्या पहिल्या नऊ दिवसांत तर देशभर 'जे'ची झुंबड असते, आणि बहुतेक वर्षी ते दिवस आपल्या नवरात्राचेच असतात.

इसानमध्ये एकच ठिकाण पाहणार असाल तर बुरीराम प्रांतातले फानोम रुंग पाहा. बुरीराम स्थानकावरून बसने नांग रोंग, तिथून मोटारसायकल. विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर ख्मेर राजवटीतले शिवमंदिर आहे. लांबच लांब दगडी वाट, नागफणांचे कठडे, मग पायऱ्या. मंदिराचे पंधरा दरवाजे एका रेषेत आहेत. एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये उगवतीला, मार्च आणि ऑक्टोबरमध्ये मावळतीला सूर्य त्या सगळ्यांतून आरपार दिसतो. मुख्य दारावरच्या शिळेवर शेषशायी विष्णू कोरला आहे, नाभीतून निघालेल्या कमळावर ब्रह्मा. आपल्याला ओळख पटवून द्यावी लागत नाही. ही शिळा १९६० च्या दशकात चोरीला गेली आणि शिकागोच्या कलासंग्रहालयात सापडली. ती परत मिळावी म्हणून थायलंडमध्ये मोठी चळवळ झाली. काराबाव या लोकप्रिय बँडने त्यावर गाणे केले. १९८८ मध्ये शिळा परत आली आणि मूळ जागी बसली. शिळेला पडलेल्या भेगा खालूनही दिसतात. त्या न दिसल्यासारखे करून पुढे जाऊ नका. चोरीमागे बाजार असतो आणि त्या बाजाराला पैसा पुरवणारे बहुतेकदा पाहुणेच असतात.

सॅकवाल्या प्रवाशांचाही इतिहास आहे. एरिक कोहेन या इस्रायली समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच या भटक्यांवर लिहिले. पुढे थायलंड हाच त्याच्या अभ्यासाचा विषय झाला. स्वस्तात हिंडणारे हे तरुण जी वाट पाडतात तिचाच पुढे हमरस्ता होतो, हे त्याने फार आधी ओळखले होते. १९७९ मध्ये इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातले सोव्हिएत आक्रमण यांनी युरोपातून भारतात येणारा खुष्कीचा हिप्पी मार्ग बंद केला आणि वर्दळ आग्नेय आशियाकडे वळली. बँकॉकमधला खाओ सान हा तांदळाच्या पेठेचा रस्ता १९८० च्या दशकात गेस्टहाउसांनी भरून गेला. आता तो रात्रभर चालणारा बाजार आहे, तासभर पुरे.

दक्षिणेत या हमरस्त्याची किंमत उघड दिसते. फी फी बेटांतल्या माया बे इथे 'द बीच' हा चित्रपट चित्रित झाला, तो २००० मध्ये प्रदर्शित झाला, आणि त्या इवल्या किनाऱ्यावर दिवसाला हजारो माणसे उतरू लागली. नांगर आणि पायांखाली प्रवाळ मेले. जून २०१८ मध्ये सरकारने किनारा बंद केला तो २०२२ च्या जानेवारीत उघडला. आता होड्या मागच्या बाजूने लागतात, पाण्यात पोहता येत नाही, दरवर्षी काही काळ पुन्हा बंद ठेवतात. बंदीच्या काळात काळ्या टोकाच्या पंखांचे लहान शार्क परत आले.

दक्षिणेचे वेळापत्रक पावसावर आखावे. अंदमान समुद्राकडचे क्राबी आणि फुकेत मे ते ऑक्टोबर भिजतात, कोकणासारखेच. उलट बाजूच्या आखातातली समुई, फांगन ही बेटे मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर पावसात असतात. म्हणजे दिवाळीनंतर जाणाऱ्याने पश्चिमेचा किनारा धरावा. रेल्वे तिथवर जात नाही; सुरात थानीला उतरून बस घ्यावी लागते. पण त्याआधी नाखोन सी थम्मरातचा फाटा घ्या. तिथे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ अजून जिवंत आहे आणि त्यात रामायण चालते. पिंगुळीच्या ठाकरांचा खेळ पाहिलेल्याला पडद्यामागचे दिवे आणि कोरलेल्या चामड्याचा वास ओळखीचा वाटेल. त्याच्या पुढे पट्टानी, याला, नराथिवात हे मलय मुस्लिम प्रांत. तिथे २००४ पासून सशस्त्र संघर्ष सुरू आहे. १९०९ च्या तहाने आखलेली रेषा अजून दुखते आहे. तिकडे हौसेने जाऊ नये.

२०१९ मध्ये जवळजवळ चार कोटी परदेशी पाहुणे थायलंडला गेले आणि २०२४ मध्ये एकट्या भारतातून वीस लाखांहून अधिक. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास तिथे लॉय क्राथोंग असतो. नदीत केळीच्या बुंध्यावर दिवे सोडतात आणि चियांग माईत कंदील आकाशात जातात. त्या आठवड्याच्या गाड्या लवकर भरतात. लांबच्या गाड्या जानेवारी २०२३ पासून जुन्या हुआ लाम्फोंगऐवजी क्रुंग थेप अफिवात या नव्या स्थानकावरून सुटतात. व्हिसाचे नियम निघण्याआधी तपासा, ते वारंवार बदलतात. दोन आठवडे असतील तर चारही मुलखांची धावपळ करू नका, दोन निवडा. त्यातला एक इसान असू द्या.