एक वनस्पती, तीन नावे : गांजाचा औषधी उपयोग आणि चिकित्सकाची दृष्टी

एखाद्या औषधीविषयी चिकित्सकाची जी दृष्टी बनते ती त्याच्या शास्त्रीय ज्ञानातून बनते, असा सामान्य समज आहे. हा समज चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. पदार्थ ज्या नावाने चिकित्सकाच्या कानी पडतो, त्या नावाचाही या दृष्टीच्या घडणीत मोठा वाटा असतो. गांजाच्या वनस्पतीचे उदाहरण या बाबतीत विशेष उद्बोधक आहे. येथे चिकित्सक हा शब्द, रोगी ज्याच्याकडे प्रथम जातो तो डॉक्टर किंवा वैद्य, या अर्थाने योजला आहे.

नवी मुंबईतील सारसोळे हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. ठाण्याच्या खाडीकाठचे हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर त्याच्या भोवती नेरूळची वसाहत वाढली, आणि १९९२ मध्ये हा भाग नवी मुंबई महानगरपालिकेच्या कारभाराखाली आला. मूळ गावकऱ्यांच्या शेजारी घाटावरून व उत्तर भारतातून आलेली कुटुंबे आज तेथे नांदतात. अशा मिश्र वस्तीत रोग्याला प्रथम तपासणारे चिकित्सकही तीन परंपरांतले असतात : आधुनिक वैद्यकाचे, आयुर्वेदाचे आणि होमिओपॅथीचे पदवीधर. तिघांच्या ग्रंथांत वनस्पती एकच आहे. नावे मात्र निरनिराळी आहेत.

मराठीत या वनस्पतीचे पदार्थ केवळ नामांनी नव्हे, तर क्रियापदांनीही वेगळे झालेले आहेत. भांग घोटतात आणि पितात, गांजा ओढतात, विजया मात्र देतात किंवा योजतात. पहिल्या क्रियेचा कर्ता सण साजरा करणारा, दुसरीचा व्यसनी, आणि तिसरीचा वैद्य. गांजा ओढणाऱ्यास 'गांजेकस' असे स्वतंत्र नाम आहे. विजया घेणाऱ्यास तसे नाम नाही, तो केवळ रोगी होय. 'तुळशीत भांग' हा वाक्प्रचार चांगल्या घरात निपजलेल्या नादान संततीस लावतात. म्हणजे भांगही निर्दोष नाही. परंतु तिचा दोष घरातल्या घरात राहतो, गांजाचा दोष पोलीस चौकीपर्यंत जातो.

नामभेदाचा हा प्रश्न जुना आहे. १८९३-९४ मध्ये इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभर चौकशी करून ११९३ साक्षी नोंदविल्या. त्याच्या प्रश्नावलीत आरंभीच वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांनी केलेल्या भांग, गांजा व चरस यांच्या व्याख्या देऊन, त्या आपल्या प्रांतात ग्राह्य आहेत काय आणि तेथील स्थानिक नावे कोणती, अशी पृच्छा केलेली होती. पदार्थाचे गुणदोष विचारण्यापूर्वी शब्दांचा अर्थ निश्चित करणे कमिशनला आवश्यक वाटले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

पुढे कायद्याने हीच विभागणी पक्की केली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात या वनस्पतीच्या फुलोऱ्याची गणना अमली द्रव्यांत झाली. फुलोऱ्यापासून सुटी केलेली पाने व बिया वगळण्यात आल्या. भारताच्या १९८५ च्या अमली द्रव्यविषयक कायद्यातील गांजाची व्याख्या याच धर्तीची आहे. त्यामुळे पानांची भांग त्या व्याख्येबाहेर राहिली आणि राज्यांच्या कायद्यांकडे गेली. महाराष्ट्रात ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येते. वैद्यकीय व शास्त्रीय प्रयोजनासाठी परवान्याने सवलत देण्याची तरतूद १९८५ च्या कायद्यात आहे. तथापि सामान्य बोलण्यात कायद्याचा उरतो तो केवळ धाक.

आता तिन्ही चिकित्सकांच्या शिक्षणाकडे पाहावे. आधुनिक वैद्यकाच्या विद्यार्थ्यास ही वनस्पती ठळकपणे भेटते ती विषशास्त्राच्या पुस्तकात, धोत्र्याच्या शेजारी. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यास ती भावप्रकाशासारख्या निघंटूंत विजया या नावाने भेटते. शार्ङ्गधरसंहितेत भांग व अफू ही व्यवायी द्रव्यांची, म्हणजे पचनापूर्वीच शरीरभर पसरणाऱ्या द्रव्यांची, उदाहरणे आहेत, आणि जातीफलादी चूर्णात भांग हा महत्त्वाचा घटक आहे. औषधविषयक नियमांच्या ज्या अनुसूचीत आयुर्वेदीय विषारी द्रव्ये दिली आहेत तीतही भांगेचे नाव आहे, हे मात्र विसरता कामा नये. होमिओपॅथीच्या विद्यार्थ्यापुढे ती कॅनाबिस इंडिका या लॅटिन नावाने, अतिविरल औषध म्हणून येते. एकाच वस्तूविषयी एकास भय, दुसऱ्यास परिचय व तिसऱ्यास तटस्थता वाटावी, याचे बीज येथे आहे.

हा भेद केवळ कोशापुरता राहत नाही. समजा, सांधेदुखीने त्रस्त अशी एक वृद्धा वैद्याने दिलेला विजयेचा अर्क घेत आहे, आणि हृदयविकारासाठी वॉरफॅरिनही घेत आहे. डॉक्टरांनी "आजी, काही नशापाणी?" असे विचारले, तर ती "नाही हो डॉक्टर" असेच म्हणेल, आणि ते उत्तर तिच्या भाषेत पूर्णपणे खरे असेल. परंतु या वनस्पतीतील कॅनाबिडिऑल हे द्रव्य यकृतातील विकरांच्या कार्यात अडथळा आणते. त्यामुळे वॉरफॅरिनचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका उत्पन्न होऊ शकतो. अपस्माराच्या रोग्यास दिल्या जाणाऱ्या क्लोबाझामचा प्रभावही त्यामुळे वाढतो व गुंगी येते. प्रश्न विचारला गेला, उत्तर मिळाले, आणि तरीही माहिती मिळाली नाही!

परदेशी अनुभवही उपयुक्त आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात गांजाच्या औषधी वापरास मान्यता मिळाल्यानंतर तेथील प्राथमिक चिकित्सकांची एक लहान पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ६२ उत्तरदात्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी हा उपचार वैध मानला. परंतु रोग्यांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यास सुमारे निम्मे तयार नव्हते. अर्थात् कायदा बदलला म्हणजे चिकित्सकाची तयारी आपोआप होत नाही. शास्त्रीय पुरावाही सर्वत्र सारखा नाही. काही तीव्र अपस्मारांत कॅनाबिडिऑलची उपयुक्तता सिद्ध झाल्याने २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषधनियंत्रकांनी त्यास मान्यता दिली. इतर अनेक व्याधींत पुरावा तोकडा आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली द्रव्य आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजास १९६१ च्या कराराच्या अतिकठोर अनुसूचीतून वगळले. भारताचे मत वगळण्याच्या बाजूने पडले. नियंत्रण मात्र कायम राहिले.

यावरून निष्पन्न होते ते असे : 'चिकित्सक गांजाला अनुकूल की प्रतिकूल?' हा प्रश्न मराठी प्रदेशात जसाच्या तसा विचारल्यास मिळणारी उत्तरे प्रामुख्याने 'गांजा' या शब्दाविषयीची असतील. पाहणी करणाऱ्याने तिन्ही नावे स्वतंत्रपणे पुढे ठेवली पाहिजेत. दवाखान्यातही नावाऐवजी वस्तू विचारावी : चूर्ण, गोळी, तेल वा काढा काय घेता, कोणी दिले, कशासाठी, ओढता की पोटात घेता. असे विचारण्याने कोणाचे मत बदलणार नाही. परंतु रोग्याने सांगितलेले आणि चिकित्सकाने ऐकलेले एकच असेल, आणि औषधयोजनेच्या विचारास तेथूनच आरंभ होऊ शकतो.