आधी ब्लॉक, मग टर्बो

फॉर्म्युला वनच्या २०२६च्या मोसमाआधीच इंजिनांवरून कशी जुंपली, ते बातम्यांत येऊन गेलं आहे. कॉम्प्रेशन रेशोची मर्यादा १८ वरून १६ वर आणली आणि लगेच वाद पेटला: माप इंजिन थंड असताना घ्यायचं की तापल्यावर? कोणाचं खरं, कोणाचं खोटं यात मला फारसा रस नाही. गंमत वाटली ती वेगळीच. अफाट पैसा ओतलेल्या या खेळात भांडण अखेर येऊन ठेपलं ते तापलेला धातू किती फुगतो यावर. आपल्याकडे गाडीचं इंजिन 'बनवायला' निघालेली पोरं याच धातूकडे सगळ्यात शेवटी बघतात. आधी टर्बो, मग इंजेक्टर, मग ट्यूनिंग, मग सायलेन्सरचा आवाज. आणि ब्लॉक? तो काय, आहेच की गाडीत!

यावर उतारा म्हणून म्युनिकच्या पाउल रोशे यांची गोष्ट सांगायला हवी. बीएमडब्ल्यूचे हे इंजिनतज्ज्ञ २०१६ मध्ये वारले. १९८०च्या सुमाराला फॉर्म्युला वनसाठी दीड लिटरचं टर्बो इंजिन करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी नवा ब्लॉक आखलाच नाही. १९६२ साली 'बीएमडब्ल्यू १५००' या चारदारी घरगुती गाडीसाठी केलेला चार सिलिंडरचा बिडाचा ब्लॉक त्यांनी उचलला. त्या गाडीत हे इंजिन जेमतेम ८० हॉर्सपॉवर देत असे. त्याच ओतकामावर ८९.२ मिलिमीटर बोअर, ६० मिलिमीटर स्ट्रोक, वर सोळा व्हॉल्व्हचं हेड आणि एक टर्बो बसवून जे तयार झालं, त्याच्या जोरावर नेल्सन पिके १९८३ मध्ये जगज्जेता झाला. टर्बो इंजिनावरचं ते पहिलं ड्रायव्हर्स विजेतेपद. पुढे पुढे पात्रता फेरीत हे इंजिन नेमकी किती ताकद देतं, ते कारखान्यालाही सांगता येईना, कारण त्यांचा डायनो १,२८० हॉर्सपॉवरच्या पुढे मोजतच नव्हता.

सुरुवात मात्र रडतखडत झाली. १९८२ मध्ये डेट्रॉइटला पिके शर्यतीसाठी पात्रसुद्धा ठरला नव्हता. पुढच्याच आठवड्यात मॉन्ट्रियलला तो याच इंजिनावर जिंकला.

आता दंतकथेकडे वळू. रोशे यांची माणसं म्हणे नवे ब्लॉक घेतच नसत. लाखभर किलोमीटर पळालेल्या गाड्यांचे ब्लॉक आणायचे, उघड्यावर पाऊस-पाण्यात टाकायचे आणि येता-जाता कामगारांनी त्यांच्यावर लघवी करायची. जगभरातल्या गॅरेजांत हा किस्सा अजून चघळला जातो आणि वर मखलाशी अशी, की लघवीतल्या अमोनियाने बीड कडक होतं. ही शुद्ध थाप आहे. अमोनियातला नायट्रोजन लोखंडाच्या पृष्ठभागात मुरवायची नायट्रायडिंग नावाची प्रक्रिया खरी आहे. पण तिला पाचशे अंशांच्या आसपासची बंद भट्टी लागते. म्युनिकच्या थंडीत फक्त गंज चढेल.

जुना ब्लॉक घ्यायचा, या भागात मात्र तथ्य आहे. साच्यात ओतलेलं बीड सगळीकडे एकदम थंड होत नाही. पातळ भिंती आधी गोठतात, जाड भाग मागाहून आकसतात आणि आकसताना त्या भिंतींना ओढतात. ही ओढाताण धातूत अडकून राहते. मग बोरिंग झालं, इंजिन तापलं-निवलं, की ब्लॉक केसभर सरकतो. अचूक गोल केलेला बोअर जरासा अंडाकृती होतो, रिंगा नीट बसत नाहीत आणि ताकद खालच्या चेंबरात गळते. फाउंड्रीत यावर रीतसर इलाज आहे: ब्लॉक पाचशे ते सहाशे अंशांना काही तास तापवून सावकाश निववायचा. गाडीतलं पाणी शंभर अंशांच्या आसपासच राहतं, त्यामुळे लाख किलोमीटर धावून भट्टीइतकं काम होत नाही. माझ्या मते रोशे यांचा खरा फायदा दुसराच होता. ज्या ब्लॉकमध्ये लपलेली भेग किंवा पोकळी होती, तो आधीच कुठेतरी रस्त्यात मेला. जो लाखभर किलोमीटर टिकला, तो परीक्षा देऊन आलेला.

बीड की ॲल्युमिनियम, हा वाद इथून सुरू होतो आणि त्यात मी उघडपणे बिडाच्या बाजूचा आहे. बिडाचा बोजा मोठा, हे कबूल. जनरल मोटर्सच्या एलएस घराण्यातले ट्रकचे बिडाचे ब्लॉक त्याच मापाच्या ॲल्युमिनियमच्या ब्लॉकपेक्षा चाळीसएक किलोंनी जड भरतात, आणि हे वजन नेमकं गाडीच्या नाकावर येतं. वळणावळणाच्या ट्रॅकवर ते जाणवणारच. पण ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुप्पट फुगतं, दाबाखाली जास्त लवतं आणि आत बिडाचे लायनर असले तर दोन धातूंचा मेळ घालत बसावं लागतं. लायनरऐवजी नुसता निकेलचा मुलामा असला तर नाक्यावरच्या बोरिंगवाल्याकडे जायची सोयच उरत नाही. नव्वदच्या दशकात बीएमडब्ल्यूच्याच काही इंजिनांचा असा मुलामा पेट्रोलमधल्या गंधकाने खाल्ला होता. रेनोने १९७७ मध्ये टर्बो पहिल्यांदा फॉर्म्युला वनमध्ये आणला तोही बिडाच्या ब्लॉकवर. ॲल्युमिनियमकडे ते वळले १९८४ मध्ये.

धातूइतकाच महत्त्वाचा प्रश्न डेकचा, म्हणजे ब्लॉकवर हेड बसतं त्या वरच्या पृष्ठभागाचा. बऱ्याच आधुनिक ॲल्युमिनियम ब्लॉकांत हेड उतरवून वरून पाहिलं, तर सिलिंडर पाण्याच्या डब्यात उभ्या ठेवलेल्या पेल्यांसारखे दिसतात. वरच्या कडेला त्यांना बाहेरच्या भिंतीचा आधार नसतो. थंड व्हायला हे उत्तम, कारखान्याला ओतायला स्वस्त. पण टर्बोचा दाब वाढवला की पेले हलतात आणि हेड गॅस्केट उडतं. ज्याच्या नावाने पोरं शपथा घेतात तो टोयोटाचा टू-जेझेड उगाच नावाजला गेला नाही: बिडाचा ब्लॉक, बंद डेक, सहा सिलिंडरांना सात मेन बेअरिंग, ८६ बाय ८६ मिलिमीटर. कारखान्यातून २८० हॉर्सपॉवरच्या आकड्यावर विकला गेला, पण अंगात त्याहून कितीतरी जास्त सोसायची ताकद होती. आपल्याकडच्या स्कोडा-फोक्सवॅगनच्या १.८ टीएसआयवर ट्यूनरमंडळींचा जीव आहे, त्याचंही एक कारण त्याचा ब्लॉक बिडाचा आहे हे.

आता बिडाचा म्हणून कुठलाही उचलावा का? अजिबात नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली नि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा, ओतताना वाळूचा कोअर जरा सरकला तर काय होतं. सिलिंडरची एक भिंत जाड, समोरची पातळ. बाहेरून काही कळत नाही. त्यासाठी भिंतीला ग्रीस लावून अल्ट्रासॉनिक मीटरचा प्रोब टेकवायचा आणि प्रत्येक सिलिंडरला चारही बाजूंनी, वर-मध्ये-खाली आकडे घ्यायचे. समजा एका बाजूला ६.५ मिलिमीटर आणि समोर ४ आले. पिस्टन जोराने रेटतो ती बाजू चारची असेल, तर तो ब्लॉक रोजच्या गाडीला ठीक, शर्यतीला नाही. अमेरिकी व्ही-एट बांधणारे त्या बाजूला पाचएक मिलिमीटर तरी मागतात. आणि हे माप बोरिंगच्या आधी घ्यायचं. ओव्हरसाईज पिस्टन विकत आणून मग भिंत मोजणारे महाभाग कमी नाहीत. त्यानंतर भेगांची तपासणी, मेन बेअरिंगची घरं एका रेषेत आहेत का ते बघणं, आणि होनिंग करताना हेडच्या जागी जाड प्लेट बोल्टांनी पूर्ण ताणात आवळणं. कारण बोल्ट आवळल्यावर बोअरचा आकार बदलतो. कष्टाचं, कंटाळवाणं काम. याचे फोटो कोणी टाकत नाही.

राहिला कागद. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. म्हणजे ब्लॉक बदलला की सरकारच्या लेखी इंजिनच बदललं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवून दिलेल्या गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलं. जपानहून आलेला कुठला तरी ब्लॉक टाकून हायवेवर मिरवायचं असेल तर आधी आरटीओत जाऊन विचारा. गाडी फक्त ट्रॅकवर न्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

तेव्हा हौस जरूर करा, पण खर्चाचा क्रम बदला. टर्बोची ऑर्डर द्यायच्या आधी हेड उतरवा, भिंती मोजून घ्या, आणि आकडे बरे आले नाहीत तर दुसरा ब्लॉक शोधा. तोवर टर्बो दुकानातच राहू द्या.