जेवढे पट्टे, तेवढीच माणसे



भाताची मळणी आटोपत आली की आपल्याकडे प्रवासाचे दिवस सुरू होतात. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तासाठी जुने गोवे गाठायचे असते. मग नाताळ येतो आणि त्यामागून लग्नसराई. बेळगाव-खानापूरकडून चोर्ल्याच्या घाटाने निघालेल्या एखाद्या भाड्याच्या गाडीत डोकावून पाहा. ड्रायव्हरने पट्टा बांधलेला असतो. शेजारचा माणूस पोलीस दिसला की पट्टा छातीवर ओढून धरतो. मागच्या सीटचे पट्टे मात्र सीटखाली दडपलेले असतात. ‘मागे बसणाऱ्याला पट्टा कशाला?’ असा आपला समज आहे. हा समज जिवावर बेततो, म्हणून आज या विषयावर लिहीत आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यांतील १३८ व्या नियमानुसार गाडी चालू असताना ड्रायव्हर, त्याच्या शेजारी बसलेला आणि मागे समोर तोंड करून बसलेले प्रवासी, या सर्वांनी पट्टा बांधला पाहिजे. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १९४ ब आले. प्रवाशाने पट्टा बांधला नाही तरी ड्रायव्हरला १००० रुपये दंड होऊ शकतो. १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनात सुरक्षित बसवले नाही तर तेवढाच दंड आहे. अशी सक्ती काही आपल्याच देशात झाली असे नाही. आजचा तीन टोकांचा पट्टा १९५९ साली स्वीडनचे अभियंते नील्स बोलिन यांनी तयार केला आणि १९७० साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने तो बांधण्याचा कायदा केला.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. गाडी महागडी होती, रस्ता हमरस्ता होता. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावले. मागच्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले.

असे का होते? बैल बुजून एकदम थांबला की बैलगाडीतली माणसे पुढे कलंडतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मोटारीचेही तसेच आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून थांबते, पण आतला माणूस त्याच वेगाने पुढे फेकला जातो. हा वेग म्हणजे सुमारे ४५ फूट उंच माडावरून खाली पडणाऱ्याचा वेग. माडावर चढणारा पाडेली पायाला दोर बांधल्यावाचून वर जात नाही. आपण मात्र गाडीत मोकळे बसतो! शिवाय मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो आणि पट्टा बांधून बसलेल्या पुढच्या माणसाचाही जीव धोक्यात आणतो.

‘मूल माझ्या मांडीवर आहे, मी घट्ट धरीन,’ असे आई म्हणते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी अर्ध्या मीटरात थांबली, तर १० किलोच्या मुलाचा ओढा सुमारे २ क्विंटलांचा होतो. भाताची चार पोती कोणत्या आईच्या हातांना झेलता येतील?

आता काय करावे ते सांगतो.

१. भाड्याची गाडी ठरवताना आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मागचे पट्टे मोजा. जेवढे पट्टे, तेवढीच माणसे न्या.

२. खालचा पट्टा पोटावरून न घेता कमरेच्या हाडांवरून घ्या. वरचा पट्टा खांद्यावरून छातीवर यावा, काखेखालून नको.

३. गरोदर बाईनेही पट्टा बांधावा. खालचा पट्टा पोटाच्या खालून आणि वरचा छातीच्या मधून, पोटाच्या कडेने न्यावा.

४. आई आणि मूल मिळून एकच पट्टा कधीही बांधू नका, त्यात मूल चिरडते. लहान मुलांसाठी बालआसने मिळतात. दोन-तीन घरांनी मिळून एक घेतले तरी वेळेला कामी येते.

५. गाडीची शिटी बंद करण्यासाठी खाचेत नुसती क्लिप अडकवू नका. ती पोलिसाला फसवील, अपघाताला नाही. एअरबॅगही पट्टा बांधलेल्या माणसासाठीच योजलेली असते.

एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. आपल्यातील पुष्कळ जण वऱ्हाडाला टेम्पोच्या हौद्यात किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात. तिथे पट्टा नाही, कारण ती जागा मालाची आहे, माणसांची नाही. भाडे वाचते हे खरे. पण घरचा कर्ता माणूस गेला किंवा अंथरुणाला खिळला, तर ते वाचलेले पैसे किती दिवस पुरतील? त्यापेक्षा दोन खेपा करा, किंवा थोडी माणसे एस. टी. ने पाठवा.

बी पेरण्यापूर्वी आपण ते पारखून घेतो, विहिरीत उतरण्यापूर्वी दोर ओढून पाहतो. गाडीत बसल्यावर तेवढीच सवय लावून घ्या. घरातील वडील माणसाने मागे वळून विचारावे, ‘सगळ्यांनी पट्टे बांधले का?’ आणि सर्वांचे ‘हो’ ऐकल्यावरच ड्रायव्हरला निघायला सांगावे.