सृष्टीचे कण्हणे

सांप्रतची दुःखे आणि भावी गौरव यांची तुलनाच होऊ शकत नाही, हे रोमकरांस पत्रातील आठव्या अध्यायाचे अठरावे वचन मागील भागात पाहिले. त्यापुढे पौल एकाएकी माणसाला सोडून सृष्टीकडे वळतो, आणि या वळणाविषयी एका वाचकाने विचारलेला प्रश्न इतका मार्मिक आहे की, ‘शरीराची मुक्ती’ हा योजलेला विषय पुढील आठवड्यावर ढकलणे भाग आहे. ख्रिस्ती आशेत गुराढोरांना, झाडांना, नद्यांना वाटा आहे काय, की ती केवळ मानवी आत्म्यांची आशा आहे, असा तो प्रश्न.

पौलाच्या मनात येथे उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आहे. तेथे अपराध आदामाचा, पण शापित होते भूमी. म्हणूनच सृष्टी ‘व्यर्थतेच्या’, म्हणजे क्षय आणि निष्फळता यांच्या, स्वाधीन झाली ती स्वेच्छेने नव्हे, असे तो बजावतो. या पराधीनतेलाही तो आशा जोडतो, कारण सृष्टीच्या वेदना त्याच्या दृष्टीने मरणाच्या नसून प्रसूतीच्या आहेत. पुढे तेविसाव्या वचनात विश्वासणारे कण्हतात, सव्विसाव्यात तर स्वतः पवित्र आत्माच अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो; म्हणजे दुःखाच्या या हुंकारात सृष्टी, माणूस आणि देव एकत्र येतात, आणि संपूर्ण पत्रात याहून धाडसी विचार क्वचितच सापडेल.

तरीही संत ऑगस्टीनने, इ. स. ३९४च्या सुमारास या पत्रावर टिपणे करताना, ‘सृष्टी’ म्हणजे मनुष्यच असा अर्थ लावला. त्याचे कारण समजण्याजोगे आहे : तारुण्यात सुमारे नऊ वर्षे तो मानीपंथात होता, आणि वनस्पतींत दैवी प्रकाशाचे कण कोंडलेले असल्यामुळे त्यांनाही वेदना होतात, असे तो पंथ मानी, तेव्हा झाडे व दगड कण्हतात असे म्हटल्यास सोडलेल्या मताला मागच्या दाराने प्रवेश मिळेल, ही त्याची भीती. भीती खरी असली तरी अर्थ तोकडा पडतो, कारण सृष्टी आणि ‘आपण’ यांच्यात भेद पौल स्वतःच करतो. ऑगस्टीनचा समकालीन योहान क्रिझोस्टोम या वचनांच्या अधिक जवळ जातो. राजपुत्राला वाढवणारी दाई, तो गादीवर आल्यावर, त्याच्या वैभवात सहभागी होते, तशीच माणसासाठी नश्वर झालेली सृष्टी त्याच्याबरोबर अविनाशी होईल, असे त्याचे प्रतिपादन आहे.

प्रत्येक प्राणी अमर होईल काय, या चौकशीत शिरू नये, असे कॅल्व्हिनने १५४०च्या आपल्या भाष्यात सुचवले; जॉन वेस्लीने मात्र १७८१ मध्ये याच वचनांवर प्रवचन लिहून, मुक्या जनावरांनाही त्यांच्या यातनांची भरपाई मिळेल, अशी उघड आशा बाळगली. कॅल्व्हिनचा संयम तपशिलापुरता योग्य आहे, परंतु मार खाणाऱ्या बैलाविषयी वेस्लीसारखे बोलण्यास पौलाच्या शब्दांत पुरेसा आधार आहे.

वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून होकारार्थीच द्यावे लागते. जगातून निसटून जाणे ही पौलाची आशा नव्हे. क्लौद्य सम्राटाच्या आज्ञेने रोम सोडावे लागलेले प्रिस्का आणि अक्विला या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पुन्हा रोममध्ये भेटतात, त्यांच्यासारख्यांना तो याच पृथ्वीच्या सुटकेची वाट धीराने पाहण्यास सांगतो. ही वाट पाहणारे शरीर मातीत गेल्यावर त्याचे काय होते, हा लांबणीवर पडलेला विषय पुढील भागात तेविसाव्या वचनापासून हाती घेतला जाईल.