परसातील वृक्ष (लेखांक सातवा) : पावसाळी मुलखातील हिवाळी छाटणी

मागील लेखांकात मुळांचे व त्यांभोवतीच्या मातीचे विवेचन झाले. आता वृक्षाच्या वरच्या अंगाकडे वळावयाचे आहे, आणि त्यासाठी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड हा मुलूख मुद्दाम निवडला आहे. कारण संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने तेथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या वाट्यास घराबरोबरच एखादे जुने सफरचंद, एखादी चेरी, आणि कुंपणाशी उभा असलेला प्रचंड डग्लस फर येतो, व आपल्याकडचा बागाईतीचा अनुभव तेथे जसाच्या तसा लागू पडत नाही. सिएटलमध्ये वर्षाकाठी सुमारे ९५० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी पाऊस पडतो. परंतु तो ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत झिमझिमत राहतो, आणि जुलै-ऑगस्ट हे महिने जवळजवळ कोरडे जातात. आपल्याकडे पर्जन्यकाल हाच वृक्षांच्या वाढीचा काल. तेथे वृक्ष निद्रिस्त असतात नेमक्या त्याच दिवसांत पाऊस पडत असतो. तेथील छाटणीची सारी गुंतागुंत या विपर्यासातून उद्भवते.

हिवाळ्यात छाटणी करण्याची कारणे सबळ आहेत. पानगळ झाली म्हणजे कोणती फांदी कोणत्या फांदीस घासते, कोणती वाळली आहे, कोणते बेचके पुढेमागे फाटणार आहे, हे जमिनीवरून उघड दिसते. वर्षभराचा अन्नसंचय मुळांत व लाकडात सुरक्षित असल्यामुळे फांदी गेली तरी त्यातला थोडाच अंश तिच्याबरोबर जातो. मात्र नाशिककडील द्राक्षांची एप्रिलमधील खरड छाटणी व ऑक्टोबरमधील फळछाटणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना छाटणीने वृक्षास फूट येते हे सांगावयास नको. हिवाळ्यात अतिरेकाने छाटलेले सफरचंद पुढील उन्हाळ्यात सरळ उभ्या, निष्फळ पानसोटांचे रान माजवते. एका हंगामात जिवंत पर्णसंभाराच्या चतुर्थांशाहून अधिक काढू नये, हा सर्वसाधारण दंडक आहे. वृद्ध वृक्षाच्या बाबतीत याहूनही हात आखडता घ्यावा.

फांदी नेमकी कोठे कापावी, या प्रश्नाचे उत्तर ज्या पुरुषाने निर्णायकपणे दिले, त्याचे नाव ॲलेक्स शायगो. अमेरिकेच्या वनखात्यात न्यू हॅम्पशायर येथे काम करणाऱ्या या वनस्पतिरोगतज्ज्ञाने हजारो वृक्ष यांत्रिक करवतीने उभे चिरून त्यांच्या जुन्या जखमांचा आतला इतिहास वाचला, आणि १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, प्राण्याप्रमाणे वृक्ष आपला बिघडलेला भाग नव्याने घडवीत नाही. तो त्या भागाभोवती रासायनिक व भौतिक भिंती उभारून कूज आतल्या आत कोंडतो आणि तिच्या बाहेरून नवे लाकूड चढवितो. याचा अर्थ असा की प्रत्येक छेद वृक्षाच्या देहात आमरण राहतो. फांदी बुंध्यास मिळते तेथे सालीची जी फुगीर कड असते, तीत ही भिंत उभारण्याची शक्ती विशेष असते. म्हणून करवत या कडेच्या लगेच बाहेर चालली पाहिजे. बुंध्याशी सपाट कापले तर ती कडच नाहीशी होते, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजून पुढे ढोलीस वाट करून देतो. जड फांदी प्रथम थोड्या अंतरावर खालून अर्धवट, मग वरून पूर्ण, आणि शेवटी उरलेला खुंट कडेशी, अशी तीन छेदांत उतरवावी, म्हणजे साल सोलवटत खाली जात नाही. छेदावर डांबर किंवा रंग फासण्याची जुनी वहिवाट शायगोच्या संशोधनाने निरर्थक ठरविली. आपल्याकडे बोर्डो पेस्ट लावतात ती बुरशीनाशक म्हणून, हा भेद ध्यानात ठेवावा. परंतु वाईट जागी केलेला छेद कोणत्याही लेपाने सुधारत नाही.

आता पावसाचा मामला. चेरीच्या सालीवर वस्ती करणारा एक जीवाणू थंड, ओल्या हवेत ताज्या छेदातून आत शिरतो, व मग फांदीवर डिंक पाझरू लागून ती वाळते. यास्तव चेरी हिवाळ्यात छाटू नये; उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, कोरडे दिवस पाहून छाटावी. सफरचंदाच्या सालीवर खड्डे पाडणारा बुरशीजन्य रोगही तेथील शरदाच्या पावसात पसरतो. म्हणून नोव्हेंबरात घाई करून महिनोन्महिने भिजत राहणारी जखम करण्यापेक्षा हिवाळ्याच्या अखेरीस, फेब्रुवारी-मार्चमधील पावसाची उघडीप साधणे अधिक शहाणपणाचे होय.

भीती ही मात्र वृक्षांची सर्वांत मोठी शत्रू आहे. २००६ च्या डिसेंबरात त्या प्रदेशावर प्रचंड वादळ कोसळले. आधीचा नोव्हेंबर विक्रमी पावसाचा गेल्यामुळे माती चिंब होती, वृक्ष मुळांसकट उलथले आणि लक्षावधी घरांची वीज गेली. असे काही घडले की घरमालक शेंडाच उडवून टाकण्याचा हुकूम सोडतो. पण शेंडा उडविलेल्या जागेतून फुटणारे धुमारे वरवरच्या लाकडास चिकटलेले असतात, खाली कूज पसरते, आणि काही वर्षांत तोच वृक्ष पूर्वीहून धोकादायक होतो. या अनाचाराविरुद्ध कॅस टर्नबुल या बाईंनी १९८७ साली सिएटलमध्ये ‘प्लँटॲम्नेस्टी’ ही संस्था काढली व अखेरपर्यंत लोकशिक्षण केले. वृक्षांसाठी इतक्या चिकाटीने भांडणारी माणसे प्रत्येक शहरास लाभावीत असे मला मनापासून वाटते.

काम देताना आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धन संस्थेचा, म्हणजे आयएसएचा, दाखला व अपघाताच्या विम्याची कागदपत्रे मागून खातरजमा करावी. केवळ छाटणीसाठी जिवंत झाडावर टोकदार खिळ्यांचे जोडे घालून चढू पाहणाऱ्यास, तसेच वादळानंतर दारोदार फिरून स्वस्तात शेंडा उतरविण्याची भाषा करणाऱ्यास काम देऊ नये. मोबदला किती लाकूड उतरले यावर ठरवू नये. कोणत्या फांद्या, कोणत्या हेतूने काढावयाच्या, याचा तपशील करारनाम्यात लिहून घ्यावा. चेरीचे काम त्यातच निराळे नोंदवून ऑगस्टवर ठेवावे, आणि सर्व झाडे एकाच फेरीत उरकण्याची सूचना आली तर ती मान्य करू नये. डग्लस फर, सीडर इत्यादी सूचिपर्णी वृक्ष उघड्या जुन्या लाकडातून सहसा पुन्हा फुटत नाहीत, त्यामुळे त्यांचे नियम वेगळे. त्यांचा विचार पुढील लेखांकी.