नॅसकारचा चॅम्पियन आणि आमची चिडचिड

नोव्हेंबर २०२५, फिनिक्स. नॅसकार या अमेरिकी कार शर्यतमालिकेची अंतिम शर्यत. डेनी हॅमलिन तब्बल २०८ फेऱ्या आघाडीवर होता. विजेतेपद नसलेला हा जुनाजाणता ड्रायव्हर आता जिंकतोच, असं वाटत असताना शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या आणि विल्यम बायरनचा टायर फुटला. पिवळा झेंडा! सगळे पिटमध्ये. हॅमलिनच्या टीमने चार टायर बदलले, काइल लार्सनच्या टीमने दोनच. वाचलेल्या त्या काही सेकंदांत लार्सन पुढे निघाला, तिसरा आला आणि चॅम्पियन झाला. त्या शर्यतीत एकही फेरी आघाडीवर न राहता! लार्सन गुणी आहे, वाद नाही. राग आहे तो नियमांवर.

२०१४ पासून अंतिम शर्यतीला चारच दावेदार उरायचे. त्यांच्यात जो पुढे, तो चॅम्पियन. वर्षभराची कमाई एका दुपारी पाण्यात!

या पद्धतीचं मूळ २००३ मध्ये आहे. मॅट केन्सेथ फक्त एक शर्यत जिंकून चॅम्पियन झाला, तर आठ जिंकणारा रायन न्यूमन मागे राहिला. म्हणून २००४ मध्ये ‘चेस’ आला, म्हणजे शेवटच्या काही शर्यतींत निवडक ड्रायव्हरांमधून चॅम्पियन ठरवायची पद्धत, मग बाद फेऱ्या आल्या. रोगापेक्षा औषध जालीम.

२०२६ पासून बाद फेऱ्या बंद. १६ ड्रायव्हर, शेवटच्या १० शर्यती, सरळ गुणांची बेरीज. विजयाला ४० ऐवजी ५५ गुण. हे बरं झालं. पण आधीच्या २६ शर्यतींचे गुण पुसून नवी मांडणी कशाला, हे मला अजूनही पटत नाही. तुम्हाला पटतं का?