ग्रेट सॉल्ट लेक आणि नगरांतील पाणीबचत

अमेरिकेच्या यूटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक या सरोवरास बेअर, वीबर आणि जॉर्डन या नद्या पाणी पुरवितात. परंतु आपल्याकडील लोणारप्रमाणेच तेथून एकही प्रवाह बाहेर पडत नाही. आलेले पाणी केवळ वाफेच्या रूपाने जाते आणि क्षार मागे उरतात. सरोवर फार उथळ असल्यामुळे पातळी किंचित उतरली तरी किनारा पुष्कळ दूर हटतो. १९८६-८७ साली समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२१२ फुटांवर असलेली पातळी २०२२ च्या नोव्हेंबरात सुमारे ४,१८८ फुटांवर आली. नोंदी सुरू झाल्यापासूनची ही नीचतम पातळी होय. उघड्या पडलेल्या तळावरील धुळीत आर्सेनिक आढळते, आणि सरोवराच्या पूर्वेस लागूनच दाट लोकवस्ती आहे. क्षारता वाढत गेल्यास खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म कोळंबी व क्षारमाश्या नष्ट होतात, आणि त्यांवर पोसणाऱ्या लक्षावधी स्थलांतरी पक्ष्यांचे अन्नच नाहीसे होते.

अशा स्थितीत शहरांनी पाणी वाचवावे, ही सूचना ओघानेच पुढे येते. मात्र कोणते पाणी, हा खरा प्रश्न आहे. स्नान, धुणी-भांडी, शौचालय यांसाठी घरात वापरलेल्या पाण्यापैकी बहुतेक भाग गटारांतून शुद्धीकरण केंद्रात आणि तेथून नदीवाटे सरोवरात पोचतो. तेव्हा नळ जपून सोडल्याने शुद्धीकरणाचा खर्च वाचेल, धरणातील साठाही टिकेल. सरोवराच्या पदरात मात्र फारसे काही पडणार नाही. घराभोवतालच्या हिरवळीला घातलेले पाणी याहून निराळे. पाने आणि माती यांतून ते हवेत उडून जाते, आणि त्या कोरड्या प्रदेशात घरगुती वापराचा निम्म्याहून अधिक भाग याच कामी खर्ची पडतो. या हिशेबाचा एक चमत्कारिक परिणाम असा की, सांडपाणी शुद्ध करून बागांना देणे, जे अन्यत्र काटकसरीचे लक्षण मानले जाते, ते येथे सरोवराच्या मुळावर येऊ शकते.

कित्येक वस्त्यांत बागांसाठी कालव्याचे अशुद्ध पाणी स्वतंत्र नळांनी पुरविले जाते. ते दीर्घकाळ मोजलेच जात नव्हते. ठरावीक वार्षिक आकार भरला की हवे तितके पाणी घेता येई. अशा जोडण्यांवर मापक बसविण्याची सक्ती करणारा कायदा २०२२ साली झाला. बचतीच्या आवाहनांपेक्षा या साध्या उपायाचे मोल अधिक मानावे लागेल.

तथापि शहरांचा वाटा मर्यादितच आहे. या खोऱ्यात मनुष्याच्या वापरामुळे खर्च होणाऱ्या पाण्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश शेतीला, विशेषतः लसूणघासासारख्या चाऱ्याच्या पिकांना लागते. शिवाय तेथील पाणीहक्क ज्येष्ठतेच्या क्रमाने चालतात, आणि दीर्घकाळ न वापरलेला हक्क संपुष्टात येतो. त्यामुळे पाणी वाचविणाऱ्यालाच हक्क गमावण्याची भीती वाटत असे. २०२२ च्या दुसऱ्या एका कायद्याने, हक्क अबाधित ठेवून ते पाणी नदीतून सरोवरापर्यंत वाहू देण्याची सोय विस्तारली. अशी नोंद झाल्याखेरीज हिरवळ काढून वाचविलेले पाणी वाटेतील पुढच्या हक्कदाराच्या कालव्यात, नाहीतर एखाद्या नव्या वसाहतीच्या नळांत जाते.